मुलगी कुठे मोकळी बोलते?



पनवेल तालुक्यातल्या एका कातकरी वाडीवर मी किशोरींचा वर्ग घेते. जागतिक आरोग्य संघटनेने दहा जीवनकौशल्ये सांगितली आहेत. त्यांतलं एक म्हणजे संवाद, आपलं म्हणणं नीट मांडणं. माझ्या पुस्तकात लिहिलं होतं : समोरच्याच्या डोळ्यांत बघा, मोठ्याने बोला. चौदा वर्षांची एक मुलगी काही केल्या मान वर करेना. मी वहीत लिहिलं, ‘आत्मविश्वास कमी.’

पावसाच्या सुरुवातीला पनवेलच्या बाजारात गेले, तर तीच मुलगी आईशेजारी बसून शेवळं विकत होती. गिऱ्हाइकाला ठणकावून सांगत होती, “काकडं बी घ्या ताई, नायतर घसा खाजंल.” भावात एक रुपया सोडला नाही तिने! माझी वही खोटी ठरली. वर्गात ती गप्प होती, कारण मोठ्यांपुढे मान खाली ठेवणं हा तिच्या घरचा आदर. शिवाय घरी बोलायची ती कातकरी बोली, आणि पुस्तकी मराठीत चुकलं तर मुली हसतील ही धास्ती.

मग मी वर्ग बदलला. आता आम्ही गोल बसतो, बाजाराचं नाटक करतो, ज्या त्या मुलीच्या बोलीत. “घासाघीस करणाऱ्या गिऱ्हाइकाला काय सांगतेस?” इथून ‘नाही’ म्हणायचा धडा सुरू होतो.

ती वेळ इथे खरीच येते. उचल घेतलेली कुटुंबं दिवाळीनंतर वीटभट्टीवर जातात. मुलीची शाळा सुटते, लग्नाचं बोलणं निघतं. पुस्तक म्हणतं, आईबापांना स्पष्ट सांगा. मुलींनी त्यांची वाट सांगितली : आधी आजीला किंवा मावशीला सांगायचं, मग तिने घरात विषय काढायचा.

पण रीत समजून घेणं म्हणजे प्रत्येक रीतीला मान डोलावणं नव्हे. अठरा वर्षांच्या आत मुलीचं लग्न लावणं २००६च्या कायद्याने गुन्हा आहे. घरात कोणी ऐकलंच नाही, तर १०९८ हा नंबर आमच्या मुलींना पाठ आहे.

बायांनो, पुढच्या बैठकीत एवढंच बोला : आपल्या वाडीतली मुलगी कुठे मोकळी बोलते? पाण्यावर, शेतात की बाजारात? शिकवायला तिथूनच सुरुवात करा.