भरती-ओहोटी पाहून निघा

(आकाशवाणीवरील भाषण)

दिवाळी सरली, रस्ते कोरडे झाले, की घराघरांत कोकणचे बेत सुरू होतात. या वेळी हमरस्त्यानं नको, किनाऱ्याकिनाऱ्यानं जाऊ या, असं कोणीतरी म्हणतं. मोबाइलवर नकाशा उघडतो, रत्नागिरी ते अलिबाग एक रेघ उमटते आणि दीड दिवसात सगळं उरकेल असं वाटतं. मग होतं काय, की मंडळी दिवसभर गाडीत बसून राहतात, अंधार पडल्यावर मुक्कामाला पोचतात आणि समुद्र दिसतो तो काचेतून, पळता पळता. असं होऊ नये म्हणून आज मला एकच गोष्ट आग्रहानं सांगायची आहे. किनाऱ्याच्या प्रवासाचा हिशेब किलोमीटरवर मांडू नका. तो खाड्यांवर आणि भरती-ओहोटीवर मांडा.

कोकणात सह्याद्री समुद्राला फार जवळ आहे. नद्या आखूड, उताराच्या, आणि त्यांच्या मुखातून समुद्र चांगला आतपर्यंत शिरलेला. त्यामुळे इथला किनारा सलग नाही, दर थोड्या अंतरावर खाडी आडवी येते. मुंबई-गोवा महामार्ग या खाड्या टाळत आतून जातो. किनाऱ्यालगतचा रस्ता म्हणजे रेवस-रेडी सागरी महामार्ग. माजी मुख्यमंत्री बॅरिस्टर अंतुल्यांचं नाव या कल्पनेशी कायमचं जोडलेलं आहे. रायगडातल्या रेवसपासून सिंधुदुर्गाच्या टोकाला, रेडीपर्यंत जाणारा हा रस्ता. नावात महामार्ग असला तरी बऱ्याच ठिकाणी तो नारळी-पोफळीच्या वाड्यांमधून, दोन्ही बाजूंच्या गडग्यांना खेटून जातो. समोरून एसटी आली की आपण गाडी मागे घ्यायची. ताशी तीस किलोमीटरचा वेग धरलात तर बेत जुळेल. त्याहून जास्त धरलात तर रोज संध्याकाळी घाई होईल.

आता पहिला प्रश्न, जायचं कुठून कुठे? पुण्या-मुंबईचे लोक बहुधा अलिबागेहून सुरुवात करून दक्षिणेकडे उतरतात. मी उलट सुचवीन. आधी महामार्गानं थेट रत्नागिरी गाठा, आणि परत येताना किनाऱ्यानं या. कारण अगदी साधं आहे. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूनं गाडी चालवतो. उत्तरेकडे तोंड असलं की समुद्रही डावीकडेच असतो. आरे-वारेच्या चढावर किंवा शेखाडीच्या वळणावर थांबावंसं वाटलं, तर समोरची वाहनं चुकवत रस्ता ओलांडावा लागत नाही. मुलं गाडीतून उतरतात ती रस्त्याच्या कडेला. दुसरं असं, की कंटाळवाणा पल्ला आधी होऊन जातो आणि परतीचा प्रत्येक दिवस नवं काही दाखवतो.

दुसरा प्रश्न, कधी जायचं? नोव्हेंबर ते मार्च हे महिने उत्तम. पावसाळ्यात किल्ल्यांकडे जाणाऱ्या होड्या बंद असतात आणि समुद्र खवळलेला असतो. महिना ठरला की तारीख ठरवताना मात्र सुट्ट्यांबरोबर तिथीही बघा. ती भिंतीवरच्या कॅलेंडरात असतेच. किनाऱ्यावरच्या माणसांचा पिढ्यान् पिढ्यांचा हिशेब असा आहे : तिथीची पाऊणपट करा, पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थी असेल तर चाराचे पाऊणपट तीन. म्हणजे दुपारी तीनला आणि पहाटे तीनला भरती, आणि त्यापासून सहा तासांवर, सकाळी-रात्री नऊच्या सुमारास, पूर्ण ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, ओहोटी बाराला. पौर्णिमेला आणि अमावास्येला भरती दुपारी साडेअकरा-बाराच्या आसपास, आणि तीही उधाणाची. रोज ही वेळ पाऊण तासाहून थोडी अधिक पुढे सरकते. हा ढोबळ हिशेब आहे. तास-अर्धा तास इकडे-तिकडे होतो आणि दक्षिणेकडे भरती थोडी आधी लागते. नेमकी वेळ जागेवरच्या कोळ्याला किंवा नावाड्याला विचारावी. पण बेत आखायला हा हिशेब पुरेसा आहे.

याचा उपयोग कसा होतो ते सांगतो. हेदवीच्या किनाऱ्यावर बामणघळ आहे. काळ्या खडकाला पडलेली एक अरुंद, खोल चीर. ओहोटीला गेलात तर तिथं नुसता खडक आणि तळाशी थोडं पाणी. भरतीला मात्र लाट त्या चिरेत शिरते, पुढे वाट मिळत नाही म्हणून कोंडते, आणि क्षणभरानं मोठा आवाज करत उभी उसळते. खडक ओला, गुळगुळीत आणि शेवाळलेला असतो, तेव्हा हे दृश्य लांबूनच पाहायचं. उलट हरिहरेश्वरची प्रदक्षिणा. देवळामागच्या पायऱ्या चढून, डोंगराच्या फटीतून उतरून आपण थेट समुद्राकाठच्या खडकांवर येतो. लाटांनी आणि वाऱ्यानं त्या खडकांना मधाच्या पोळ्यासारखी भोकं पाडली आहेत. ही वाट फक्त ओहोटीची आहे. भरतीच्या वेळी तिथं गेलेली माणसं लाटेनं ओढून नेल्याच्या घटना घडल्या आहेत. म्हणजे हेदवीला भरती हवी, हरिहरेश्वरला ओहोटी हवी.

हे दोन्ही जुळवता येतं. समजा, पौर्णिमेला किंवा अमावास्येला तुम्ही रत्नागिरीत मुक्कामाला पोचलात. थिबा राजवाडा त्याच संध्याकाळी पाहून घ्या. ब्रह्मदेशाच्या या राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये पदच्युत केलं, पुढे रत्नागिरीला आणून ठेवलं, आणि १९१६ मध्ये तो इथंच वारला. दुसऱ्या दिवशी प्रतिपदा. सकाळी लवकर निघून आरे-वारे, गणपतीपुळे, मालगुंडला केशवसुतांचं जन्मस्थान, मग जयगड. तिथं फेरीबोटीनं शास्त्री नदीची खाडी ओलांडून तवसाळला उतरायचं, आणि बाराच्या आत हेदवी. उधाणाची भरती तुम्हाला अचूक गाठते. मुक्काम वेळणेश्वरला किंवा गुहागरला.

द्वितीयेला धोपाव्याहून दाभोळला दुसरी फेरी, वाशिष्ठीच्या खाडीवरून. दुपारनंतर हर्णै. तिथला माशांचा लिलाव चुकवू नका. समोर पाण्यात सुवर्णदुर्ग, अलीकडे नांगरलेल्या होड्या, आणि मासळी किनाऱ्याला आणायला बैलगाड्या थेट पाण्यात उतरलेल्या. वाळूवर सुरमई, पापलेट, कोळंबीचे वाटे मांडले जातात, भोवती कडं पडतं आणि बोली भराभर चढते. व्यापार चालू असतो, तेव्हा मध्ये उभं राहून फोटो काढत बसू नये. कडेनं पाहावं, हवी तर मासळी घ्यावी. आपण राहतो त्या घरी ती आनंदानं करून देतात. तृतीयेला आंजर्ल्याचा कड्यावरचा गणपती, केळशी, आणि मुक्कामाला वेळास.

वेळास हे नाना फडणवीसांचं मूळ गाव. आज ते ओळखलं जातं कासवांमुळे. ऑलिव्ह रिडले जातीची मादी हिवाळ्यात रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालते आणि परत जाते. ही अंडी पूर्वी चोरून नेली जात. २००२ पासून चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेनं गावकऱ्यांना बरोबर घेऊन संवर्धनाचं काम सुरू केलं. अंडी कुंपणाच्या आत सुरक्षित पुरतात, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर येतात आणि सकाळी-संध्याकाळी त्यांना समुद्राच्या दिशेनं सोडतात. तळहातावर मावणारं ते पिल्लू ओल्या वाळूवर चारही वल्ही मारत जातं, लाट त्याला मागे लोटते, ते पुन्हा तोंड वळवून पाण्याकडेच निघतं. हे पाहायचं असेल तर फेब्रुवारीअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीचा काळ धरा आणि गावात आधी फोन करून जा.

चतुर्थीला पहाटे लवकर आवरा. बाणकोटवरून वेसवी, तिथून सकाळच्या फेरीनं सावित्रीची खाडी ओलांडून बागमांडला, आणि साडेआठ-नऊला हरिहरेश्वर. चाराचे पाऊणपट तीन, त्याच्या सहा तास आधी नऊ. ओहोटी तुमची वाट पाहत असते. पुढे श्रीवर्धन, भट घराण्यातले पहिले पेशवे बाळाजी विश्वनाथ यांचं गाव. तिथून शेखाडीमार्गे दिवेआगर हा रस्ता इतका पाण्यालगत जातो, की तो दुपारच्या झोपेत घालवू नये. पाचव्या दिवशी दिघीहून आगरदांडा, ही चौथी फेरी, राजपुरीच्या खाडीवरची. मग राजपुरीहून होडीनं जंजिरा, काशीद, कोर्लई, रेवदंडा आणि अलिबाग. अलिबागच्या कुलाबा किल्ल्यात चालत जायचं तर ओहोटी लागते, पंचमीला ती सकाळी पावणेदहाला होऊन गेलेली असेल. पाणी असताना तिथं होडीनं जाता येतं. मुंबईकरांनी मांडव्याहून गाडीसकट रो-रो बोटीत चढावं आणि भाऊच्या धक्क्याला उतरावं.

या चार फेऱ्यांवर सगळा बेत उभा आहे, म्हणून त्यांच्याबद्दल थोडं सविस्तर. रायगडात बरेच जण या फेरीबोटीला जंगलजेट्टी म्हणतात. सपाट तळाची बोट काठाला लागते, पुढची लोखंडी फळी धक्क्यावर टेकते, माणूस हातवारे करत एकेक गाडी आत घेतो, उरलेल्या फटींत मोटरसायकली बसतात. मासळीच्या पाट्या घेतलेल्या बायका, दप्तरं पाठीला लावलेली मुलं, नवरदेवाकडची मंडळी, सगळे त्याच बोटीत. पलीकडचा काठ काही मिनिटांत येतो. पण पहिली आणि शेवटची फेरी किती वाजता, हे आदल्या दिवशी विचारून ठेवा. सुट्टीच्या दिवशी गाड्यांची रांग लागते. फेरी चुकली तर जयगडला भातगावच्या पुलाचा वळसा, दाभोळला चिपळूणचा, बाणकोटला आंबेत-म्हाप्रळचा. कुठल्याही वळशात दिवसाचा मोठा तुकडा जातो. म्हणून एका दिवसात फेरीनं एकच खाडी ओलांडायची, असा नियम ठेवा. या बेतात तो पाळला आहे.

काही लहान गोष्टी. पेट्रोल तालुक्याच्या गावी भरून घ्या, मध्ये पंप विरळ आहेत. थोडे रोख पैसे जवळ असू द्या. जेवण सकाळीच सांगून ठेवा. घरगुती खानावळीत माणसं मोजून स्वयंपाक होतो. अचानक दहाजण दारात उभे राहिले तर त्या घरातल्या बाईची किती धावपळ होते, हे आपणच समजून घ्यायला हवं. मालवण, देवगड, विजयदुर्ग, वेंगुर्ले याच फेरीत कोंबू नका. सिंधुदुर्गासाठी वेगळे चार-पाच दिवस काढा, तो तेवढ्या मोलाचा आहे.

आणि एक गोष्ट अगदी कळकळीनं सांगतो. गाडी वाळूत घालू नका. ओहोटीला वाळू घट्ट दिसते, चाकं रुतली की भरती थांबत नाही. त्याच वाळूखाली एखाद्या कासवाचं घरटंही असू शकतं. अनोळखी किनाऱ्यावर पोहायला उतरण्यापूर्वी गावातल्या माणसाला विचारा. तो नको म्हणाला तर वाद घालू नका. त्या पाण्यात कुठे खेच आहे, हे त्यानं लहानपणापासून पाहिलेलं असतं.

या खाड्यांवर आता पूल बांधायचं काम शासनानं हाती घेतलं आहे. ते व्हायलाच हवेत. रात्री बाळंतीण अडली किंवा कोणाला साप चावला, तर शेवटची फेरी निघून गेल्यावर त्या घरावर काय प्रसंग येतो, हे काठावरच्या लोकांना विचारा. पूल झाले की अंतरं कमी होतील आणि आपल्याला अधिक घाई करायचा मोह होईल. तेव्हाही बामणघळ भरतीलाच उसळेल आणि हरिहरेश्वरची वाट ओहोटीलाच उघडेल. म्हणून कॅलेंडर काढा, तिथी बघा, पाऊणपट करा, रोजचा एकच पल्ला ठरवा, आणि मग मुक्कामाला फोन लावा.