आधीच्या पाण्याचा दाखला



या अधिवेशनाचं अध्यक्षपद आपण मला दिलं आहे. प्रथेप्रमाणे अध्यक्षाने भूजलशास्त्राच्या वाटचालीचा आढावा घ्यायचा असतो. उपग्रहांनी टिपलेली भूजलाची घट, बेसॉल्टमधल्या जलधरांचे नकाशे, पुनर्भरणाचे प्रयोग यांवर या दोन दिवसांत निबंध वाचले जाणार आहेत. त्यांचे लेखक तरुण आणि माझ्यापेक्षा तयारीचे आहेत, म्हणून तो आढावा मी त्यांच्यावर सोपवतो. मला बोलायचं आहे ते फ्रॅकिंगच्या विरोधाबद्दल. आपल्या व्यवसायातली बरीच माणसं हा विरोध भावनिक, अशास्त्रीय म्हणून झटकून टाकतात. ते मला अनेक वर्षं खुपतं आहे.

फ्रॅकिंग चालतं त्या अमेरिकेतल्या वायूच्या विहिरींशी आपला काय संबंध, असं कुणी विचारेल. ३० मार्च २०१८ रोजी ‘गेल’च्या दीर्घ मुदतीच्या करारातलं अमेरिकी द्रवरूप वायूचं पहिलं जहाज आपल्या दाभोळला लागलं. ते लुइझियानातल्या सबीन पासहून निघालं होतं. अमेरिकेत आज निघणाऱ्या नैसर्गिक वायूपैकी सुमारे तीन चतुर्थांश वायू शेल खडकातला, म्हणजे फ्रॅकिंगचा आहे. त्या कामात पाणी घट्ट करायला लागणारा गवारगम राजस्थान-हरियाणातून जातो. २०१२ साली त्याच मागणीपायी गवारीचे भाव असे भडकले की वायदेबाजारातले तिचे व्यवहार थांबवावे लागले. तेव्हा संबंध आहे, आणि तो जुना आहे.

तंत्र आपल्याला ठाऊक आहे, थोडक्यात सांगतो. दीड-दोन किलोमीटर खाली जायचं, तिथे आडवं वळून शेलच्या थरातून पुढे भोक पाडत न्यायचं, आणि पाणी, वाळू व रसायनं प्रचंड दाबाने आत सोडून खडक तडकवायचा. वाळू भेगा उघड्या ठेवते आणि वायू वर येतो. पेनसिल्व्हेनियातल्या मार्सेलस शेलमध्ये एका विहिरीला दीड कोटी लिटरच्या आसपास पाणी लागतं. आपल्या दहा हजार लिटरच्या टँकरने मोजलं तर दीड हजार टँकर. त्यातलं काही परत वर येतं, ते समुद्रापेक्षा खारट आणि रेडियम-बेरियम घेऊन.

याच मार्सेलसवर डिमॉक नावाचं छोटं गाव आहे. १ जानेवारी २००९ रोजी तिथल्या एका घरच्या पिण्याच्या पाण्याच्या विहिरीत मिथेनचा स्फोट झाला आणि वरची काँक्रीटची लादी फुटली. वायू कंपनीच्या सदोष विहिरींतून मिथेन झिरपल्याचा ठपका राज्याच्या पर्यावरण खात्याने ठेवला. कंपनीचं म्हणणं, या भागात पाण्यात मिथेन पहिल्यापासूनच आहे. २०१२ साली केंद्राच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने नमुने तपासून पुढे काही करण्याची गरज नाही म्हटलं. अखेर २०२२ साली कंपनीने न्यायालयात आरोपाला आव्हान न देता शिक्षा पत्करली आणि गावाच्या नव्या पाणीयोजनेसाठी सुमारे १ कोटी ६० लाख डॉलर द्यायचं मान्य केलं. स्फोटापासून निकालापर्यंत तेरा वर्षं गेली!

ती का गेली? मिथेन हुंगून त्याचं वय सांगता येत नाही, म्हणून. कार्बनच्या समस्थानिकांवरून तो खोलचा की उथळ हे कळतं, पण तो कधी आला हे कळायला आधीचा नमुना लागतो. ड्यूक विद्यापीठाच्या संशोधकांनी २०११ साली दाखवलं की वायूच्या विहिरीपासून किलोमीटरभराच्या आतल्या पाण्यात मिथेन जास्त सापडतो. लगेच आक्षेप आला: खोदण्यापूर्वीचे आकडे कुठे आहेत? पर्यावरण संरक्षण संस्थेनेही २०१५ च्या मसुद्यात व्यापक दुष्परिणामांचा पुरावा नसल्याचं लिहिलं. कंपन्यांनी ते वाक्य जगभर मिरवलं. डिसेंबर २०१६ च्या अंतिम अहवालातून ते वाक्य काढलं गेलं, कारण माहितीतल्या त्रुटी एवढ्या होत्या की तसं म्हणायला आधार नव्हता. पुरावा नाही, कारण कुणी मोजलंच नाही. आणि ज्याने मोजलं नाही त्याच्याच पथ्यावर ते पडतं. माझी तक्रार आहे ती ही.

हे मी अमेरिकेत शिकलो नाही. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या एका गावी तपासणीला गेलो होतो. वरच्या अंगाला एक डिस्टिलरी उभी राहिली होती आणि मळीचं पाणी ओढ्यात सोडतात अशी गावाची तक्रार होती. विहिरीतून काढलेलं पाणी बिनदुधाच्या चहासारखं दिसत होतं. एका आजींनी घागर माझ्यापुढे तिरकी केली, तळाशी काळपट साका होता. “म्हशीनं तोंड लावलं न्हाई सायेब,” त्या म्हणाल्या. माझ्याबरोबरचे वरिष्ठ अधिकारी मुळीच वाईट नव्हते. त्यांनी नियमाप्रमाणे विचारलं, “कारखान्याआधी पाणी कसं होतं, त्याचा काही अहवाल आहे का?” आजी म्हणाल्या, “पानी ग्वाड हुतं तवा कागद कोन करतंय?” तक्रार पुराव्याअभावी निकाली निघाली. गावाला पुढे बाहेरून नळ आणावा लागला, तोही गावाच्याच खर्चाने.

आता एका वादाविषयी. आपले काही सहकारी हिरिरीने सांगतात की भेगा दोन किलोमीटर खाली पडतात, पिण्याचं पाणी शंभर-दीडशे मीटरवर असतं, मधल्या खडकातून काही वर येणं अशक्य. खडकापुरतं ते बहुतेक ठिकाणी खरंही आहे. पण पाणी खडक फोडून येत नाही, पाइपाच्या बाजूने येतं. एका शाळेच्या आवारातल्या बोअरला वास येतो म्हणून मला बोलावलं होतं. मुरूम पस्तीस फुटांपर्यंत होता आणि बोअरवाल्याने केसिंग वीस फुटांवरच थांबवलं होतं. संडासाच्या खड्ड्यातलं पाणी मुरमातून सरळ बोअरमध्ये उतरत होतं. कातळ अगदी निर्दोष होता! डिमॉकमध्येही बोट केसिंगकडे आणि त्यामागच्या सिमेंटकडेच दाखवलं गेलं. बोअरवर उन्हात उभं राहून केसिंगचे पाइप उतरताना ज्यांनी मोजले आहेत, त्यांना दोन किलोमीटरच्या खडकाचा दिलासा पुरत नाही.

मोजमाप आधी असलं की काय होतं, ते इंग्लंडमधल्या लँकशायरमध्ये दिसलं. तिथे २०११ साली फ्रॅकिंगमुळे छोटे भूकंप झाले. मग नियम झाला की ०.५ तीव्रतेच्या वर धक्का गेला की काम थांबवायचं. धक्के मोजणारी यंत्रं आधीच बसवलेली होती. ऑगस्ट २०१९ मध्ये तिथल्याच प्रेस्टन न्यू रोडच्या वायूविहिरीजवळ २.९ चा धक्का नोंदला गेला, आणि नोव्हेंबरात सरकारने इंग्लंडभर फ्रॅकिंगला स्थगिती दिली. आठवा आपली कोयना. जलाशय भरू लागल्यावर हादरे जाणवले, त्यानंतर तिथे भूकंपमापक बसले, आणि १९६७ च्या भूकंपानंतर जलाशयाचा दोष किती यावर वर्षानुवर्षं वाद झडला. धरणाआधीची नोंद नव्हती ना!

राजकारणाबद्दल बोलायला शास्त्रज्ञ कचरतात. मी कचरणार नाही. २००५ च्या ऊर्जा कायद्याने अमेरिकी काँग्रेसने फ्रॅकिंगला, डिझेल वापरणं सोडलं तर, पेयजल सुरक्षा कायद्यातल्या भूमिगत विसर्जनाच्या नियमांतून सूट दिली. म्हणजे काय सोडलं ते विचारण्याचा केंद्राचा हक्कच कमी केला. टेक्ससमधल्या डेंटनच्या नागरिकांनी नोव्हेंबर २०१४ मध्ये ५९ टक्के मतांनी शहरात फ्रॅकिंगला बंदी घातली. अर्ध्या वर्षात राज्याने कायदा करून शहरांचा तो अधिकारच काढून घेतला. न्यूयॉर्कमध्ये उलट घडलं. ड्रायडनसारख्या छोट्या गावांनी आपल्या हद्दीत बंदी घातली, जून २०१४ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने ती उचलून धरली, आणि डिसेंबरात आरोग्य आयुक्तांनी सांगितलं की हे सुरक्षित आहे असं म्हणण्याइतकी माहिती नाही, म्हणून परवानगी नाही. माहितीच्या अभावाचा अर्थ इथे पाण्याच्या विहिरीच्या मालकाच्या बाजूने लावला गेला. याला कुणी भावनिक म्हणणार असेल, तर शास्त्र कशाला म्हणतात ते त्याने मला येऊन सांगावं.

गंमत म्हणजे सर्वांत उपयोगी कलम पेनसिल्व्हेनियातच सापडतं, जिथे फ्रॅकिंग जोरात आहे. २०१२ च्या कायद्याप्रमाणे वायूच्या विहिरीपासून २,५०० फुटांच्या आत, काम संपल्यापासून वर्षभरात पाणी बिघडलं, तर दोष कंपनीचा असं गृहीत धरतात. कंपनीला सुटायचं तर पाणी आधीच वाईट होतं हे तिने दाखवायचं. झालं! कंपन्या स्वतःहून घरोघर नमुने घेत फिरू लागल्या. भार एका खांद्यावरून दुसऱ्यावर ठेवताच मोजमापाला पैसा सापडला.

आपल्याकडे २०१३ साली शेल वायूचं धोरण आलं, २०१८ साली जुन्या करारक्षेत्रांतही अशा वायूच्या शोधाला मोकळीक मिळाली. महाराष्ट्राच्या बेसॉल्टला त्याची भीती नाही. पण तमिळनाडूतल्या नेडुवासलचे शेतकरी २०१७ साली हायड्रोकार्बनच्या प्रकल्पाविरुद्ध रस्त्यावर बसले, आणि २०२० साली तिथल्या सरकारने कावेरीचा त्रिभुज प्रदेश संरक्षित शेतीक्षेत्र ठरवला. शेतकरी बसले तेव्हा आपल्यापैकी कितीजण त्यांच्या विहिरी मोजायला गेले?

म्हणून मला दोन गोष्टी सुचतात. कोणत्याही मोठ्या खोदकामाआधी किंवा कारखान्याआधी परिसरातल्या विहिरींचा दाखला तयार व्हावा आणि तो ग्रामपंचायतीत लागावा, कंपनीच्या कपाटात नव्हे. घटक कोणते, अंतर किती, खर्च कुणी द्यायचा, हे एका समितीने ठरवावं. आणि पेनसिल्व्हेनियाच्या धर्तीवर दोष गृहीत धरणारं कलम आपल्या कायद्यात यावं, असा ठराव या परिषदेने करावा. मसुदा अजून कच्चा आहे, वकील मित्रांनी तो नीट करावा. उद्या दुपारच्या खुल्या सत्रात मी तो मांडणार आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी जरूर बोलावं, फक्त येताना आपापल्या तालुक्यातल्या एखाद्या कारखान्याआधीच्या विहिरींच्या नोंदी बरोबर आणाव्यात.