चाल : पारंपरिक

शाळेच्या स्नेहसंमेलनाची किंवा लोकगीत स्पर्धेची कार्यक्रमपत्रिका कधी नीट वाचून पाहा. गाणाऱ्या मुलींची नावं असतात, पेटी-तबल्याच्या साथीदारांची असतात, मार्गदर्शक सरांचं नाव तर ठळक असतं. आणि खाली बारीक अक्षरात लिहिलेलं असतं : गीत पारंपरिक, चाल पारंपरिक. हे पारंपरिक म्हणजे कोण, कुठल्या गावचं, असं कुणी विचारत नाही. थोडं खणलं की बहुतेक वेळा तिथं जात्याशी, पाळण्याशी किंवा लग्नघरी बसलेली एखादी बाई निघते. तिनं शब्द जुळवले हे आपण हल्ली कबूल करू लागलो आहोत. चालही तिचीच होती, हे मात्र आपल्या संगीत शिक्षणाच्या अजून पचनी पडलेलं नाही.

याचा सगळ्यात जुना पुरावा आपल्या उंबऱ्याशी आहे. उमरग्याच्या पलीकडं, आता कर्नाटकात असलेलं बसवकल्याण ही चालुक्यांची राजधानी होती. तिथल्या तिसऱ्या सोमेश्वर राजानं इसवी सन 1129 च्या सुमारास 'मानसोल्लास' नावाचा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात गाण्यांचे प्रकार सांगताना त्यानं नोंदवलं, की महाराष्ट्रात बायका कांडण करताना ओवी गातात. ज्ञानेश्वरी लिहिली गेली 1290 साली, म्हणजे त्यानंतर दीडशेहून अधिक वर्षांनी. माउलींनी ओवी हाती घेतली तेव्हा ती बायकांच्या ओठांवर कधीचीच रुळलेली होती. वर्गात मात्र ओवी म्हटलं की ज्ञानेश्वर, आणि पुढचा प्रश्न.

आमच्या घरात बोलणं दखनीत. अम्मी रागवायची दखनीत, दुवा मागायची दखनीत-उर्दूत, आणि जात्यावर बसली की गायची मराठीत. समोर शेजारची मावशी असायची. दोघींचे हात एका खुंट्यावर. अम्मी एक ओळ टाकायची, मावशी ती उचलून पुढची जोडायची. त्या ओव्यांत ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस यायचा, तुळजापूरची वाट यायची, आणि सासरी पोचायला उशीर करणारा भाऊ तर दोघींच्याही ओव्यांत असायचा. कोणती ओळ कुणाची हे दळण संपेपर्यंत दोघींनाही सांगता आलं नसतं, पण दोघींपैकी कुणालाही ती आयती मिळालेली नव्हती.

चालीला त्या 'गळा' म्हणायच्या. "हा माझ्या मायचा गळा, इकडं आल्यावर मी जरा मोडून घेतला," असं मावशी सांगायची. हे वाक्य मला फार मोलाचं वाटतं. आईकडून आलेली चाल सासरच्या बोलीला, तिथल्या जोडीदारणीच्या आवाजाला आणि तिथल्या जात्याच्या वजनाला जुळवून घ्यायची, याला संगीतात रचना करणं म्हणतात. जात्याचा फेरा हा तिचा ताल आणि दगडाची घरघर हा तंबोरा. वैरण घालायला एक हात गेला की फेरा मंदावतो. तिथं शेवटचा शब्द लांबवायचा, श्वास घ्यायचा आणि फेऱ्याबरोबर पुन्हा शब्दावर यायचं. पहाटेच्या दळणाचा गळा वेगळा, लग्नाची हळद दळतानाचा वेगळा. हे सगळं कुणी कागदावर मांडलेलं नव्हतं, म्हणून ते आपोआप झालं असं मानायचं कारण नाही.

संतमंडळीतल्या बायकांना नावाचं महत्त्व पुरतं ठाऊक होतं. गंगाखेडच्या जनाबाईनं 'नामयाची जनी' ही मुद्रा अभंगात गुंफली. सोयराबाईंनी 'चोख्याची महारी' म्हणून सही केली, जात लपवली नाही. बहिणाबाई शिऊरकरांच्या अभंगात 'बहिणी' आहे. शेवटच्या चरणातलं नाव म्हणजे त्या काळचा मालकी हक्कच. त्यांच्याही आधी, तेराव्या शतकात, महानुभाव पंथातल्या महदाइसेनं 'धवळे' रचले. मराठीची आद्य कवयित्री म्हणून तिच्यावर टिपा लिहून घेतल्या जातात. पण धवळे हे लग्नात गायचं गाणं, आणि ते गाऊन दाखवणारा तास मला तरी भेटलेला नाही.

शास्त्रीय संगीतातही मुद्रेची चाल आहे. नियामत खाँ 'सदारंग' झाले, फैयाज खाँ 'प्रेमपिया', आणि बंदिशी गोळा करून क्रमिक पुस्तकमालिकेचे सहा भाग काढणारे भातखंडे स्वतः 'चतुर' झाले. परीक्षेला बसणारी मुलं ही नावं पाठ करतात. त्यांत बाईची मुद्रा शोधायला गेलं तर हाताला फारसं काही लागत नाही. थोरल्या गायिकांची चरित्रं असतात. पण गळा कसा होता, गुरू कोण, मानसन्मान कोणते, एवढ्यावर ती थांबतात. त्यांनी काय बांधलं, हा प्रश्न क्वचितच येतो.

आपला जिल्हा 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणून तिथलं एक नाव सांगतो. माहलका बाई 'चंदा', 1768 ते 1824. उर्दूत स्वतःचा दिवान असलेल्या सुरुवातीच्या स्त्रियांपैकी एक. ती दरबारात गात होती, आणि 'रागदर्शन' लिहिणारे खुशहाल खाँ हे तिचे उस्ताद. तिच्या गझला छापून आल्या, आज वाचायला मिळतात. चाली दिवानात मावत नाहीत. गझल लिहिणाऱ्या माझ्यासारख्याला हे जास्त टोचतं, कारण मुशायऱ्यात तरन्नुमनं शेर वाचणाऱ्याची अर्धी कमाई चालीत असते.

पुढं ध्वनिमुद्रणाचं युग आलं, चाली टिकू लागल्या, तरी नावाचा घोळ राहिलाच. मुंबईच्या खुर्शीद मिनोचर-होमजी या पारशी बाई 'बॉम्बे टॉकीज'च्या संगीतकार झाल्या आणि समाजाच्या रोषामुळं पडद्यावर 'सरस्वतीदेवी' म्हणून आल्या. त्यांचा 'अछूत कन्या' 1936 चा. लता मंगेशकरांनी 'मोहित्यांची मंजुळा', 'मराठा तितुका मेळवावा', 'साधी माणसं', 'तांबडी माती' या चित्रपटांना संगीत दिलं ते 'आनंदघन' या नावानं. या गाण्यांवर वाढलेल्या कितीतरी जणांना आनंदघन म्हणजे कुणी अबोल स्वभावाचे गृहस्थ वाटत होते.

उघडपणे, स्वतःच्या नावानं, पुस्तकात बंदिशी छापणं हे फार मोठं काम डॉ. प्रभा अत्रे यांनी केलं. त्यांच्या 'स्वरांगिनी' आणि 'स्वरंजनी' या पुस्तकांत स्वतःच्या रचना स्वरलिपीसह आहेत. त्यांचा मारुबिहाग आणि कलावती तर घराघरांत पोचले. 2024 च्या जानेवारीत त्या गेल्या. अश्विनी भिडे-देशपांडे यांचं 'रागरचनांजली' 2004 साली आलं. त्यामुळं आता कुठल्याही गायनवर्गाला बाईची बंदिश मिळत नाही अशी सबब सांगता येणार नाही.

जात्यावरच्या बाईचं काय, हा प्रश्न उरतो. ओवीत राग नाही, मग ती संगीताच्या वर्गात कशाला, असं मला एका जाणकारानं ऐकवलं. त्यांना मी कुमार गंधर्वांची आठवण दिली. देवासला आजारपणात पडून असताना कुमारजी माळव्यातली लोकगीतं ऐकत राहिले. त्यातून त्यांचे 'धुनउगम' राग आले, आणि ते कुठून आले हे त्यांनी कधी लपवलं नाही. आज ते राग कुमारजींच्या नावानं शिकले जातात, आणि ते योग्यच आहे. पण ज्यांची धून होती, त्यांचं एकही नाव आपल्याला सांगता येत नाही.

बहिणाबाई चौधरींचं उदाहरण याहून जवळचं. त्या शेतात, चुलीपाशी गाणी रचून गात. मुलानं, सोपानदेवांनी, ती उतरवून घेतली आणि त्यांच्या मृत्यूनंतर 1952 साली पुस्तक निघालं. आज त्या मराठीच्या तासाला असतात, संगीताच्या तासाला नसतात. शब्द उतरवून घेणारा मुलगा होता, म्हणून निदान शब्द तरी वाचले.

हे काम करता येतं, हे हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी दाखवून दिलं. 1980 च्या दशकापासून त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. पुढं त्यातल्या कितीतरी ध्वनिमुद्रित झाल्या. 2017 पासून 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात त्या प्रसिद्ध होऊ लागल्या, आणि गाणारीचं नाव, गाव त्याखाली असतं. लाखभर ओव्या एका बाजूला, आणि आपल्या कार्यक्रमपत्रिकेतला तो एक शब्द दुसऱ्या बाजूला.

संगीत शिक्षकांना माझी एक विनंती आहे. वर्गातल्या प्रत्येकाला घरातल्या किंवा गल्लीतल्या वयस्क बाईकडून एक गळा उतरवून आणायला सांगा. मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा, जमेल तेवढी स्वरलिपी करा, फेऱ्याची लय मात्रांत बसली नाही तर तसं लिहा. आणि वहीत चार रकाने पाडा : नाव, गाव, माहेर, गळा कुणाकडून आला. माहेरचा रकाना विसरू नका, कारण चाली लेकीबरोबर गाव बदलतात. गिरण्या आल्यावर जाती अंगणात उपडी पडली, त्यामुळं ज्यांनी खरोखर दळण दळलं त्या बायका आता बहुतेक सत्तरीच्या पुढं आहेत. मुलांना त्यांच्याकडं दुपारी पाठवू नका, दुपारी त्या पडलेल्या असतात आणि काही आठवत नाही म्हणतात. पहाटे पाठवा, आणि हाताशी एखादं जातं असलं तर मूठभर ज्वारीही बरोबर द्या.