हातातील घड्याळ बदलावे काय?

(महाड येथे भरलेल्या ज्ञातिबांधवांच्या वार्षिक मेळाव्यातील व्याख्यान)



कार्यकारी मंडळाने मला विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल अशा विषयावर चार शब्द बोलावयास सांगितले आहे. मी जो विषय निवडला आहे तो ऐकून काहींस हसू येईल. हातात उत्तम, भारी किमतीचे घड्याळ असता त्याच जातीचे त्याहून नवे घड्याळ घ्यावे की नाही, हा तो विषय. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी महाड-पोलादपूरकडील माणसापुढे हा प्रश्न उभाच राहिला नसता. आता आपली मुले मुंबई-पुण्यास आणि आखातात मोठ्या हुद्द्यांवर आहेत, आणि हा प्रश्न माझ्या एका माजी विद्यार्थ्याने मला खरोखरच विचारला आहे. त्याचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही. त्याजपाशी स्वित्झर्लंडचे एक नामांकित घड्याळ आहे. ते विकून, वर कर्ज काढून, नव्या बनावटीचे घ्यावे असा त्याचा मानस आहे. "गुरुजी, हे शहाणपणाचे होईल काय?" असे तो विचारतो. प्रश्न प्रामाणिक आहे. म्हणून उपदेशाने त्याचे तोंड बंद न करता हिशेबाने उत्तर द्यावे, हे बरे.

प्रथम घड्याळाचे काम काय ते पाहू. आपल्या वाडवडिलांनी लग्नाचा मुहूर्त घटिकापात्राने साधला. तळाला बारीक छिद्र असलेली वाटी पाण्यात सोडावयाची; ती भरून बुडाली की एक घटिका, म्हणजे २४ मिनिटे, झाली. अशा साठ घटिकांचा एक दिवस. पुढे १ जानेवारी १९०६ पासून सर्व देशाची एक प्रमाणवेळ ठरली. तरीही मुंबई शहराने आपली ३९ मिनिटे मागे असलेली 'मुंबई वेळ' १९५५ पर्यंत सोडली नाही. यावरून एवढेच ध्यानी घ्यावे की, वेळ ही चारचौघांनी मिळून मान्य करावयाची गोष्ट आहे. ज्याच्या त्याच्या मनगटावर ती निराळी नसते.

१९६१ साली बंगळूर येथे जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने एच.एम.टी.ची घड्याळे निघू लागली. त्यांतील चावीचे 'जनता' घड्याळ किती शिक्षकांच्या, कारकुनांच्या आणि गिरणीकामगारांच्या हाती होते, हे येथील वृद्ध मंडळींस सांगावयास नको. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस काढले. त्या वेळी त्याची किंमत एखाद्या लहान मोटारीइतकी होती! आज त्याच तत्त्वाचे घड्याळ महाडच्या बाजारपेठेत काही शे रुपयांस मिळते. टाटा आणि तमिळनाडू सरकारचे महामंडळ यांनी १९८४ साली स्थापिलेल्या टायटनने ते घरोघर नेले, आणि एच.एम.टी.चा घड्याळ-विभाग बंद करण्याचा निर्णय सरकारने २०१६ साली घेतला. काल जी चैन ती आज सामान्य वस्तू होते, हा या साऱ्या इतिहासाचा धडा आहे.

आता अचूकपणाचे पाहू. स्फटिकाचा बारीक तुकडा सेकंदास ३२,७६८ वेळा कंप पावतो; त्यामुळे साधे स्वस्त घड्याळही महिन्यास पंधरा सेकंदांच्या आतबाहेरच चुकते. उलट स्प्रिंग आणि चक्रे यांवर चालणाऱ्या उत्तम स्विस घड्याळास स्वतंत्र परीक्षणाचे प्रमाणपत्र मिळावयाचे, तर दिवसास सरासरी चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी सूट असते. नेमक्या वेळेसाठी काही लाख रुपये कोणी देत नाही. ती किंमत कारागिरीची, धातूची, नावाची आणि मानाची असते. हे मनाशी स्पष्ट केले म्हणजे पुढील विचार सोपा होतो.

मग जुन्या आणि नव्या बनावटीत अंतर ते काय? रोलेक्स कंपनीच्या 'सबमरीनर' घड्याळाचे उदाहरण घेतो. २०२० साली त्याची नवी आवृत्ती निघाली. व्यास ४० मिलिमीटरचा ४१ झाला. आतील यंत्र बदलले आणि काढून ठेवल्यावर ते चालू राहण्याची मुदत सुमारे ४८ तासांवरून सुमारे ७० तासांवर गेली. हा फरक खोटा नव्हे. शुक्रवारी सायंकाळी सहा वाजता घड्याळ उतरून सोमवारी सकाळी आठ वाजता हाती बांधले, तर मध्ये ६२ तास जातात. जुने बंद पडलेले असेल, नवे चालू असेल. परंतु जो मनुष्य घड्याळ रोज बांधतो, त्यास या २२ तासांचा उपयोग काय? आणि जो बांधत नाही, त्यास सोमवारी काटे लावून घ्यावयास एक मिनिट पुरते.

आता पैशाचे गणित मांडू. समजा, जुन्याचे चार लाख आले आणि नव्यास नऊ लाख पडले. वरचे पाच लाख शेकडा ७ दराने ठेवले असते, तर वर्षास ३५,००० रुपये व्याज आले असते. म्हणजे एक मिलिमीटर व्यास आणि बावीस तास यांसाठी दररोज सुमारे ९६ रुपये मोजावयाचे. कर्ज काढले तर त्याहून अधिक. काहीजण म्हणतात की, हे घड्याळ म्हणजे सोन्यासारखी ठेव आहे. थोड्या घड्याळांस जुन्या बाजारात मूळ किमतीहून अधिक दाम येतो हे खरे; बहुतेकांस येत नाही, हेही तितकेच खरे. शिवाय विकताना व्यापारी आपला नफा कापून घेतो. मूळ खोका आणि हमीपत्र नसल्यास आणखी कापतो. त्यातून स्वित्झर्लंडसह चार देशांशी आपल्या देशाचा झालेला व्यापारकरार १ ऑक्टोबर २०२५ पासून अमलात आला असून स्विस घड्याळांवरील आयात-शुल्क टप्प्याटप्प्याने उतरावयाचे आहे. यास्तव ज्यास घाई नाही, त्याने थांबण्यात तोटा नाही.

तथापि मी एकांगी बोलू इच्छीत नाही. बदल करणे योग्य ठरेल असे प्रसंगही आहेत. जुन्याचे सुटे भाग मिळेनासे झाले. दुरुस्तीचा खर्च त्याच्या मोलाला भिडू लागला. अथवा ज्यास त्या कारागिरीची खरी गोडी आहे अशा गृहस्थाने, घरची सर्व कर्तव्ये पार पाडून, शिलकेतून ते घेतले, तर त्यास नावे ठेवण्याचा अधिकार कोणासही नाही. कोणी वीणा घेतो, कोणी पुस्तके घेतो, कोणी घड्याळ घेतो. आवड हा गुन्हा नव्हे. मात्र तिचा खर्च दुसऱ्याच्या ताटातून जाऊ नये.

पुष्कळदा 'नवे हवे' या इच्छेच्या मुळाशी जुन्याची हेळसांड असते. चक्रांच्या घड्याळातील तेल कालांतराने सुकते. पाच ते दहा वर्षांनी जाणत्या घड्याळजीकडून ते उघडून, धुऊन, तेल घालून घ्यावे लागते. रबरी कड्या बदलून पाण्याची परीक्षा करावी लागते. तबकडीवर ३० मीटर असे लिहिले म्हणजे ते घेऊन सावित्रीत पोहावे असा अर्थ नव्हे. हात धुताना उडणारे शिंतोडे सोसेल, एवढाच अर्थ. असे स्वच्छ केलेले घड्याळ नव्यासारखे चालते आणि मुलाच्या हाती वारशाने जाते.

पाण्याचा विषय निघाला म्हणून सांगतो. २२ जुलै २०२१ रोजी सावित्री आणि गांधारी यांचे पाणी महाडच्या बाजारपेठेत शिरले, आणि त्याच दिवशी तळिये गावावर दरड कोसळली. ते आठवले की अजूनही आपला जीव थरकतो. माझ्या या विद्यार्थ्याच्या वडिलांचे घर सखल भागात आहे. त्या पुरात कपाट, धान्य, दस्तऐवज सर्व चिखलात गेले. घरावर एक माडी चढवावी, म्हणजे पुन्हा पाणी आले तर माणसे आणि चीजवस्तू वर नेता येतील, अशी त्या वृद्धाची इच्छा आहे. पण मुलाजवळ मागावयास त्यांची जीभ रेटत नाही. मग घड्याळासाठी निघणारे पाच लाखांचे कर्ज माडीसाठी काढले, तर ते कोणत्या घड्याळाहून कमी मोलाचे ठरेल?

आणखी एक गोष्ट, आणि ती केवळ एका घरापुरती नाही. आपल्यात जावयास घड्याळ आणि अंगठी देण्याची रीत जुनी आहे. पूर्वी चावीच्या घड्याळावर जावई संतुष्ट होत असे. आता मेळाव्यांत आणि लग्नांत दहा तरुणांच्या मनगटावर लाखांची घड्याळे दिसू लागली, की अकराव्याचे वडील मुलीच्या बापाकडे तेच नाव घेऊन बोलतील. मागून घेतलेले घड्याळ हा हुंडाच होय, आणि हुंड्यास १९६१ च्या कायद्याने मनाई आहे. पोलादपूरच्या डोंगरातील भातशेती करणाऱ्या बांधवाने आपल्या हौसेपायी जमीन गहाण ठेवावी काय? ज्यांनी वैभव मिळविले, त्यांनीच ही चाल वाढू न देण्याची जबाबदारी घ्यावी.

म्हणून त्या विद्यार्थ्यास माझे उत्तर असे आहे: बाळ, तुझे घड्याळ उत्तम आहे, ते विकू नकोस. घड्याळजीकडून ते नीट करून घे. या उन्हाळ्यात रजा काढून घरी ये आणि पावसाळ्याच्या आत माडीचे काम उरकून घे. माडी झाली, कर्ज फिटले, आणि त्यानंतरही नव्याची ओढ राहिली, तर स्वकष्टाच्या शिलकेतून ते अवश्य घे. मी स्वतः ते हाती घेऊन कौतुकाने पाहीन.