घराणे संपले, दुकान राहिले



अशा व्यासपीठावरून संत, कवी आणि मुत्सद्दी यांच्याविषयी पुष्कळ बोलले जाते. दुकानाविषयी बोलायला उभे राहणारे थोडेच. तरीही आज आम्ही पॅरिसमधल्या एका दुकानाची हकीकत सांगणार आहोत. नवरा-बायकोने कष्टाने वाढवलेला धंदा त्यांच्या वंशाबरोबर संपावा, की त्यांच्यामागेही चालावा, हा प्रश्न आपल्या पेठांतल्या दुकानदारांनाही चुकलेला नाही.

दुकानाचे नाव 'बाँ मार्शे'. फ्रेंच भाषेत याचा अर्थ 'स्वस्त'. व्हिदो बंधूंनी 1838 साली ते काढले. 1852 साली आरिस्तीद बूसिको त्यांचा भागीदार झाला. हा बेलेम नावाच्या लहान गावातल्या टोपीविक्याचा मुलगा. त्याची पत्नी मार्गरित ही तर गरीब घरातली, पोटासाठी पॅरिसला आलेली. त्या वेळी दुकानात 12 माणसे, 4 विभाग आणि वर्षाची विक्री साडेचार लाख फ्रँक एवढाच पसारा होता.

तेव्हाच्या बहुतेक दुकानांची रीत आपल्याला परकी वाटणार नाही. गिऱ्हाईक पाहून भाव सांगायचा, मग घासाघीस करायची. आत पाऊल टाकले की काही घेतल्याशिवाय बाहेर पडणे अवघड. बूसिकोने प्रत्येक वस्तूवर भावाची चिठ्ठी लावली. नुसते पाहायला येण्याची सर्वांना मोकळीक दिली. पसंत न पडलेला माल परत घेतला. यातली एकही गोष्ट त्याने शोधून काढली नव्हती. पॅरिसच्या काही कापडदुकानांत तशी पद्धत आधीच सुरू झाली होती. जपानात तर एदो शहरात मित्सुई घराण्याने 1673 साली दुकान काढले, तेच रोख पैसे आणि एकच भाव या नियमावर. बूसिकोचे श्रेय हे की, त्याने या साऱ्या गोष्टी एका छपराखाली आणल्या आणि मोठ्या प्रमाणावर चालवून दाखवल्या.

यामागचा हिशेब सोपा आहे. समजा, 100 रुपयांचा माल भरला, 40 रुपये नफा ठेवला आणि तो खपायला वर्ष लागले. तर वर्षाची कमाई 40. उलट नफा 14 रुपयेच ठेवला, पण माल वर्षातून चार वेळा खपला, तर कमाई 56. गिऱ्हाईकही खूष आणि दुकानदारही खूष! मात्र माल चार वेळा खपायचा, तर त्या भावावर लोकांचा विश्वास बसला पाहिजे. लहान पोराला पाठवले तरी तो फसणार नाही, अशी खात्री वाटली पाहिजे. ती वाटली. 1863 साली विक्री 70 लाख फ्रँकांवर गेली आणि बूसिकोने आपल्या भागीदारांचा हिस्सा विकत घेतला. 1869 साली नव्या इमारतीची पायाभरणी झाली. लोखंड आणि काच यांची ती भव्य वास्तू पुरी व्हायला 1887 साल उजाडले.

या भरभराटीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आजूबाजूच्या लहान दुकानदारांना हा भाव परवडेना. कित्येकांचे दिवाळे वाजले. एमिल झोला याने 1883 साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत अशा दुकानाचे चित्र रंगवले. त्यासाठी तो स्वतः 'बाँ मार्शे'त जाऊन टिपणे घेऊन आला होता. दुकानातल्या नोकरांचे दिवसही सोपे नव्हते. कामाचे तास लांबलचक, शिस्त कडक आणि चूक झाली तर घरचा रस्ता.

पण याच नोकरांच्या बाबतीत बूसिको दांपत्याने पुढचा विचार केला. 1876 साली त्यांनी नोकरांसाठी निर्वाहनिधी काढला. त्यात पगारातून कपात नव्हती; पैसे दुकानाच्या नफ्यातून पडत. 1877 साली आरिस्तीद वारला. तेव्हा वर्षाची विक्री सुमारे 7 कोटी फ्रँक होती. दोनच वर्षांनी मुलगाही गेला. त्याला मूलबाळ नव्हते. मार्गरित तेव्हा 63 वर्षांची होती. एवढा डोलारा आणि वारस कोणी नाही!

दुकान विकून ती सुखाने राहू शकली असती. तिने तसे केले नाही. 1880 साली तिने नवी भागीदारी उभी केली आणि भागीदार म्हणून दुकानातलीच माणसे घेतली. हा वाटा मुख्यतः वरच्या जागांवरच्या जुन्या माणसांना मिळाला, साध्या विक्रेत्या मुलीच्या पदरात तो सहसा पडला नाही, हे खरे. तरी 1886 साली तिने स्वतःच्या पैशातून निवृत्तिवेतनाचा निधीही काढला. 1887 साली ती वारली. मृत्युपत्रात नोकरांना सेवेच्या मानाने रकमा ठेवल्या होत्या. पॅरिसच्या सार्वजनिक रुग्णालयांकडे गेलेल्या तिच्या धनातून 1897 साली बूसिको रुग्णालय उघडले. ते आता राहिले नाही. पण तेथल्या भुयारी रेल्वेच्या एका स्थानकाला अजून बूसिकोचेच नाव आहे.

नोकरांची ती मालकी कायम टिकली नाही. मालक बदलत गेले आणि 1984 साली दुकान बेर्नार आर्नो यांच्या उद्योगसमूहाकडे आले. पण बूसिकोंचा वंश संपूनही शंभरावर वर्षे लोटली, तरी दुकान आपल्या जागी उभे आहे.

आम्हाला यातून एवढेच म्हणायचे आहे. आपल्याकडे दुकानाच्या पाटीवर 'आणि सन्स' लिहितात. त्यात काही वावगे नाही. परंतु दुकान उभे असते ते काउंटरमागे वीस-वीस वर्षे उभ्या राहिलेल्या माणसांच्या पायांवर. वारसाचा विचार करताना त्यांचाही हिशेब मांडला जावा. मुलगा असतानाही मांडावा. तो गमावल्यावर मांडायची वेळ त्या बाईवर आली, तशी कोणावर न येवो.