धंद्यासाठी वकील कोणता?



आपल्याकडे पुष्कळ धंदे तोंडी शब्दावर उभे राहतात. समजा, दोघे भाऊ लाकडाची वखार घालतात. ‘घरचाच मामला, कागद कशाला?’ म्हणतात. पुढे एखादे गिऱ्हाईक मोठी उधारी थकवते आणि पेढीच्या नावाने दावा लागतो. तेथे कळते की, १९३२ च्या भागीदारी कायद्याच्या कलम ६९ प्रमाणे नोंदणी नसलेल्या पेढीला करारावरील येण्यासाठी तिऱ्हाइतावर दावा लावता येत नाही. तिच्यावर मात्र दावा लागू शकतो! दावा फेटाळला जातो. नोंदणी करून नवा लावावा, तर मालाच्या किमतीसाठी असलेली तीन वर्षांची मुदत तोवर संपलेली असते. मग कितीही नामांकित वकील उभा करा, काय उपयोग?

म्हणून पहिला वकील हवा तो दस्तऐवज करणारा. भागीदारीपत्र, गाळ्याचा भाडेकरार, नोंदणी ही कामे त्याची. दुसरा कर-वकील. जीएसटी वा आयकराची विवरणपत्रे चार्टर्ड अकाउंटंट भरून देतो. पण अपिलाचा प्रश्न कोर्टापर्यंत गेला की कर-वकील गाठावा. तिसरा कंपनी व ट्रेडमार्कची कामे पाहणारा. चौथा कामगार कायद्याचा. पाचवा दिवाणी कोर्टात दावे चालविणारा. त्याची गरज जितकी कमी पडेल तितके बरे.

निवड करताना नात्याकडे किंवा ऑफिसच्या थाटाकडे पाहू नका. तीन प्रश्न विचारा : अशी कामे आपण केली आहेत काय? काम स्वतः पाहणार की सहायक? फी व खर्च किती? उत्तर लेखी घ्या. ‘दावा जिंकलो तर इतके टक्के द्या’ असे म्हणणाऱ्यापासून दूर राहा. बार कौन्सिलच्या नियमांना ते मंजूर नाही.

कागद मागणे म्हणजे भावावर अविश्वास नव्हे. सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीचा देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याची व साक्षीदार घेण्याची आज्ञा आहे. कुरआन शरीफमधील ही सर्वांत मोठी आयत आहे, हे ध्यानात घ्या.

विद्यार्थी मित्रांनो, मुलींनो, वकिली म्हणजे केवळ कोर्टातील भाषण नव्हे. चांगला करारनामा लिहिणारी आपली एक मुलगी दहा घरांतील भांडणे उद्भवण्यापूर्वीच मिटवील.

अल्लाह आपल्या कष्टांत बरकत देवो. खुदा हाफिज.