अर्धा कोयता, पुरी मजुरी

(कोयनानगर येथील कष्टकरी स्त्रियांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा संपादित मजकूर.)



आजच्या बोलण्याचा विषय ‘दोन देशांतली मजुरी’ असा ठेवला आहे. तो ऐकून कुणालाही वाटेल, इथं पाटणची मजुरी पुरत नाही, त्यात परदेशाच्या गोष्टी कशाला? म्हणून मी अमेरिका-इंग्लंड घेतलेलं नाही. ब्राझील घेतला आहे. जगात सगळ्यात जास्त साखर करणारे देश दोन, ब्राझील आणि भारत. तिथंही ऊस पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी हातानं तोडला, आणि तिथल्या बायकांना आपल्यासारख्याच अडचणी आल्या.

आता कोयनानगरला ऊस कुठं आहे? इथं धरण आहे. पण या धरणातून पूर्वेला सोडलेलं पाणी कऱ्हाडला कृष्णेला मिळतं आणि पुढं वाळवा, पलूस, मिरजेच्या उसाला जातं. टेंभूच्या उपसा योजनेतून कृष्णेचं पाणी खानापूर-आटपाडीच्या माळावरही चढलं. ज्यांची घरंदारं शिवसागराखाली गेली, त्यांच्या त्यागावर तो ऊस उभा आहे. तो तोडायला दरसाल बीडकडून, जत-आटपाडीकडून टोळ्या येतात. आपल्या भागातल्या बायकाही उसाच्या लागणीला आणि भांगलणीला जातातच. तेव्हा हा विषय आपल्या दाराशी आहे.

आधी पैशाचं बघू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांच्यात करार झाला. तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला साधारण ३६६ रुपये झाला. वाढ मिळाली ती लढून मिळाली. पण हिशेब करा. नवरा-बायकोनं मिळून दिवसात दोन टन ऊस तोडला, मोळ्या बांधल्या, डोक्यावरून वाहून गाडीत भरल्या, तर दोघांचे झाले ७३२ रुपये. म्हणजे माणशी ३६६. त्यासाठी पहाटे अंधारात निघायचं आणि रात्री गाडी येईल तेव्हा भरायची. तेही पैसे हातात येत नाहीत, आधी घेतलेल्या उचलीतून वळते होतात.

ब्राझीलमध्ये २०२४ साली महिन्याचं किमान वेतन १,४१२ रेआल होतं, म्हणजे त्या वेळच्या भावानं वीस हजार रुपयांच्या वर. मजुरी टनावर असली तरी महिन्याला त्याच्या खाली जायचं नाही, असा तिथला कायदा आहे. पण नुसता आकडा बघून हुरळून जाऊ नका. तिथं भाकरीही महाग आहे, घरभाडंही महाग आहे. दोन देशांची तुलना करताना रुपयात किती मिळतं एवढंच विचारलं तर निम्मंच उत्तर मिळतं. मला दुसरा प्रश्न महत्त्वाचा वाटतो : मजुरी कुणाच्या नावावर लागते?

आपल्याकडे ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला ‘एक कोयता’ म्हणतात. मुकादम टोळी मोजतो ती माणसांत मोजत नाही, कोयत्यांत मोजतो. उचल पुरुषाच्या हातात, अंगठा पुरुषाचा, हिशेबाच्या वहीत नाव पुरुषाचं. बाई म्हणजे अर्धा कोयता, आणि त्या अर्ध्याला नाव नाही. ती आजारी पडली, पाळीनं बेजार झाली, बाळंत झाली, की खाडा लागतो आणि तो दोघांच्या हिशेबातून कापला जातो. म्हणजे तिची मजुरी तिच्या नावावर लिहीत नाहीत, पण तिची गैरहजेरी बरोबर लिहितात.

या खाड्याची धास्ती कुठवर जाते ते २०१९ साली दिसलं. बीड जिल्ह्यात शासनानं सुमारे ८२ हजार ऊसतोड बायकांची पाहणी केली. त्यांतल्या १३ हजारांहून जास्त जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली. त्यामागं डॉक्टरांचा धंदा आहे, अस्वच्छतेमुळं होणारे आजार आहेत, पण ‘कामाचा दिवस बुडता कामा नये’ हेही आहे. कोपीजवळ ना संडास, ना न्हाणी, ना पाण्याची सोय.

ब्राझीलमध्ये कामगाराला एक सरकारी पुस्तिका मिळायची; २०१९ पासून ती डिजिटल झाली आहे. तिला ‘कार्तेइरा’ म्हणतात. त्यात मालकानं नोंद करायची : अमक्या तारखेला कामाला घेतलं, अमकी मजुरी ठरली. ही पुस्तिका माणशी एक असते, जोडीला एक नव्हे. त्या नोंदीवर रजा, वर्षाकाठी तेरावा पगार, १२० दिवसांची भरपगारी बाळंतपणाची रजा आणि म्हातारपणी पेन्शन मिळते. २००५ सालच्या नियमांनुसार शेतमालकानं रानात संडास, पिण्याचं पाणी आणि सावलीची सोय करणं बंधनकारक आहे.

हे कुणी दान दिलं नाही. शहरातल्या कामगारांचे हक्क तिथं १९४३ च्या कायद्यात आले, शेतमजुरांना मात्र बाहेर ठेवलं. १९७१ साली खेड्यातल्या म्हाताऱ्यांना तुटपुंजी पेन्शन सुरू झाली, ती घरटी एकालाच. नवऱ्याला मिळाली की बायकोला नाही. जन्मभर दोघांनी राबायचं आणि सरकारदरबारी राबणारा एकच! आपल्या ‘कोयत्या’ची आठवण झाली ना? आणि धरणग्रस्तांच्या याद्यांचीही व्हावी. तिथंही ‘खातेदार’ म्हटलं की पुरुषाचंच नाव पुढं येतं.

पाराईबा नावाच्या राज्यात मार्गारीदा मारिया आल्वेस ही बाई शेतमजूर संघटनेची अध्यक्ष होती. ऊसमळ्यांतल्या मजुरांची पुस्तिकेत नोंद व्हावी, आठ तासांचा दिवस मिळावा, तेरावा पगार मिळावा म्हणून तिनं मळेवाल्यांवर खटल्यांमागून खटले भरले. १२ ऑगस्ट १९८३ रोजी तिच्या घराच्या दारातच गोळी घालून तिचा खून झाला. त्याबद्दल कुणालाही शिक्षा झाली नाही. पण पाच वर्षांनी, १९८८ च्या नव्या राज्यघटनेत, खेड्यातल्या आणि शहरातल्या कामगारांना सारखे हक्क मिळाले आणि शेतकरी-मजूर बाईला वयाच्या ५५ व्या वर्षी स्वतःच्या नावानं पेन्शन कबूल झाली. तरी कागद नसलेल्या बाईला हक्क मागता येईना, म्हणून १९९७ साली तिथल्या बायकांनी मोहीम काढली : कागदपत्रांवाचून एकही कष्टकरी बाई राहू नये. २००० सालापासून मार्गारीदाच्या नावानं खेड्यापाड्यांतल्या बायका राजधानीवर मोर्चा नेतात. २०२३ सालीही तो निघाला.

आता नाण्याची दुसरी बाजू सांगते, नाहीतर तुम्हाला वाटेल तिथं सगळं गोडच आहे. तिथंही मुकादम आहे. त्याला ‘गातो’ म्हणतात, म्हणजे बोका! तिथंही मजुरी टनावर ठरते. साव पावलो राज्यात एकेका तोडकऱ्याकडून दिवसाला दहा-बारा टनांची अपेक्षा होऊ लागली. २००४ नंतरच्या काही वर्षांत रानातच दमून कोसळून मजूर मेल्याच्या घटना घडल्या, त्यावरून चौकश्या झाल्या. टनांची अट वाढत गेली तशी बायकांना कामावर घेणं कमी होत गेलं. पुढं यंत्रं आली. यंत्रावर पुरुष चढला आणि बाई रानाबाहेर गेली. नाव लागलं म्हणजे सगळं मिळालं असं नसतं. पण नाव लागलं होतं म्हणून तिला निदान भांडता आलं, कोर्टात जाता आलं.

आपल्याकडे कायदे नाहीत असं नाही. वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा १९७६ चा. समान वेतनाचा कायदाही १९७६ चा, तो आता वेतन संहितेत आला आहे. पण कोयत्यात बाईची वेगळी मजुरीच लिहिलेली नसेल, तर ती कुणाच्या मजुरीशी समान करायची? म्हणून सगळ्यांत आधी नाव.

आणि हे आपल्याला जमणार नाही असंही नाही. पाटण तालुक्यातल्या किती घरांतले पुरुष मुंबईला माथाडी आहेत! याच तालुक्यातल्या अण्णासाहेब पाटलांनी हमालांची संघटना बांधली आणि १९६९ साली माथाडी कायदा झाला. मालक बदलला तरी हमालाची नोंद मंडळात कायम राहते. मालक मजुरी आणि वरची रक्कम मंडळात भरतो, त्यातून फंड, बोनस, सुट्ट्या मिळतात. पाठीवर पोतं वाहणाऱ्याला हे मिळू शकतं, तर डोक्यावर मोळी वाहणारीला का नाही? रोजगार हमीच्या मस्टरवरही बाईचं नाव वेगळं लागलं आणि मातीकामाचा दर बाईपुरुषांना एकच ठरला. तोही याच महाराष्ट्राचा १९७७ चा कायदा.

तेव्हा आपण काय करायचं? २०२१ साली शासनानं ग्रामसेवकामार्फत ऊसतोड कामगारांची नोंदणी करून ओळखपत्रं द्यायचं ठरवलं. खाली टोळ्या उतरल्या की कोप्यांवर जा आणि बायकांना विचारा : ओळखपत्र तुझ्या नावाचं आहे का? उचल किती घेतली, तुला ठाऊक आहे का? गरोदर असलीस तर नोंद कुठं झाली आहे? ही माहिती लिहून काढा, ती आपण कारखाना आणि तहसीलदार यांच्यासमोर ठेवू. मागण्या मोजक्या आहेत. कोयत्याऐवजी माणशी नोंद. बाईच्या कामाचे पैसे बाईच्या खात्यात. तळावर पाणी आणि संडास. बाळंतपणात खाडा नाही. हार्वेस्टर आपल्याकडेही आलाच आहे. त्यानं काम गेलं तर नोंद नसलेल्या बाईला ‘माझं काम गेलं’ असंही म्हणता येणार नाही. म्हणून घाई आहे.

आणि सुरुवात आपल्यापासून करा. भांगलणीला जाता ना? प्रत्येकीनं एक वही करा. तारीख, कुणाचं रान, किती तास, बाईला किती रुपये आणि त्याच दिवशी गड्याला किती रुपये. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या लेकीकडून लिहून घ्या. पुढच्या बैठकीला येताना त्या वह्या घेऊन या. त्या एकत्र मांडून बघू, आणि मजुरीची बोलणी कुठल्या गावापासून सुरू करायची ते तिथंच ठरवू.